गोळी बंद करू का

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे. लाखांदूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात माझं टेबल आहे, पण त्या टेबलावर मी फारसा सापडत नाही. मोटरसायकलने गावं फिरायची, लोकांच्या अंगावरचे चट्टे पाहायचे, पेनाच्या टोकाने तिथे स्पर्श कळतो का ते तपासायचं आणि ज्याला कळत नाही त्याच्यापर्यंत महिन्याचं गोळ्यांचं पाकीट पोचवायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं झाली. गावात लोक मला चट्टेवाले साहेब म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण चट्टा डॉक्टरच्या आधी मी पाहतो, आणि बहुतेक वेळा माझं म्हणणं खरं निघतं. या शेवटच्या वाक्याचा मला अभिमान होता.

ज्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे तो ढिवर, म्हणजे मासे धरणारा, होता, दिघोरीकडून आत गेलं की लागणाऱ्या एका गावचा. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, बोलायला हळू. सर्वेक्षणाचे दिवस होते. मी आणि गावातली आशाताई तलावाच्या पाळीवरून ढिवरांच्या टोलीकडे, म्हणजे वस्तीकडे, चाललो होतो आणि तो उन्हात जाळं दुरुस्त करत बसला होता. उघडी पाठ घामाने चमकत होती. डाव्या खांद्याखाली तळहाताएवढी जागा तेवढी कोरडी, फिकट तांबूस. मी लांबूनच ओळखलं. ताईला खुणेने थांबवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

डोळे मिटायला लावून मी त्याला पेनाने स्पर्श करत गेलो. जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं, असं सांगितलं होतं. मानेवर, दंडावर, कमरेवर त्याने बरोबर बोट ठेवलं. चट्ट्यावर मी तीनदा टोचलं आणि तो तसाच वाट पाहत बसून राहिला.

"करा ना जी सुरू," तो म्हणाला.

आणखी सहा चट्टे निघाले. म्हणजे वर्षभराचं औषध. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून शिक्कामोर्तब केलं. डॉक्टर तरुण होते, बंधपत्राची नोकरी करायला आलेले, आणि चट्ट्यांच्या बाबतीत माझ्यावर विसंबून असत.

त्याची बायको आठवडी बाजारात मासे विकायची. त्यांना शाळेत जाणारी एक मुलगी होती. तिची काळजी सरळ होती. "लोकायले समजलं त मासोळी कोन घेईन आमची?" तिने विचारलं. मी तिला शब्द दिला की कोणाला कळणार नाही. पाकीट मी स्वतः आणून देईन, केंद्रावर रांगेत उभं राहायची गरज नाही. तिने ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा फळीवर, देवाच्या फोटोमागे. घराला घर लागून धाकट्या भावाचं घर होतं, त्यालाही सांगितलं नाही.

प्रत्येक पाकिटातला पहिला डोस माझ्यासमोर घ्यायचा असतो. त्याने तो घेतला आणि मी माझं नेहमीचं बोलणं बोललो. हे बोलणं मी इतक्या घरांत बोललो आहे की आता झोपेतही बोलू शकेन. लघवी लाल होईल, ते रक्त नाही. अंगाचा रंग काळपट पडेल, तो नंतर जातो. कोणी काही म्हणेल, दुसरा डॉक्टर काही म्हणेल, ऐकायचं नाही. काहीही झालं तरी गोळी सोडायची नाही.

"नाई सोडत," तो म्हणाला. बायकोने मान हलवली.

रोजची गोळी तीच काढून द्यायची. सकाळी तो तलावावर जायच्या आधी.

चार आठवड्यांनी मी दुसरं पाकीट घेऊन गेलो. त्याने समोर डोस घेतला. पाणी पिऊन झाल्यावर गळ्याखाली खाजवत म्हणाला, "अंग खाजवून राह्यलं जी, दोन दिवसांपासून."

मी सदरा वर करून पाहिलं. बारीक पुरळ होतं, उन्हाळ्यात घामोळं उठतं तसं. तेव्हा धानावर तुडतुड्यासाठी फवारण्या चालू होत्या आणि बांध्यांतलं पाणी तलावातच उतरतं. दिवसभर त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाचं अंग खाजणारच. मी त्याला तसं सांगितलं. खोबरेल लावा म्हटलं. तो बरं म्हणाला, मी पुढच्या गावाला गेलो. त्या दिवशी माझ्याकडे अजून चार पाकिटं वाटायची होती.

नवव्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. ताप उतरत नाही, अंगभर उठलं आहे. मी तासाभरात पोचलो.

तो खाटेवर बसून होता, पाय खाली सोडून. चेहरा सुजला होता. छातीवर, हातांवर, मांड्यांवर लाल पुरळ एकात एक मिसळलं होतं. मानेला दोन्ही बाजूंना गाठी लागत होत्या. अंग तापलेलं. शेजारच्या गावात एकजण दवाखाना चालवतो, त्याने आदल्या दिवशी एक इंजेक्शन दिलं होतं आणि दुखण्याच्या गोळ्या.

बायकोच्या हातात तो बिस्किटाचा डबा होता. मी यायची वाट पाहत ती डबा घेऊनच उभी असावी.

"गोळी बंद करू का?" तिने विचारलं.

आमच्या कामात रिअ‍ॅक्शन या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे इथे सांगायला हवं. एक रिअ‍ॅक्शन रोगाची. औषध चालू असताना शरीर रोगाच्या जंतूंवर उसळतं, चट्टे लाल होऊन सुजतात, ताप येतो, गाठी येतात. ती मी वर्षात कितीदा तरी पाहतो. तिच्यात गोळ्या अजिबात थांबवायच्या नसतात. थांबवल्या तर हाताच्या नसा जातात, बोटं जातात. दुसरी रिअ‍ॅक्शन औषधाची. ती फार क्वचित येते. तोपर्यंत मी ती कधी पाहिली नव्हती, प्रशिक्षणात फक्त ऐकली होती. तिच्यात गोळ्या त्याच क्षणी थांबवायच्या असतात. शब्द एकच, आणि करायचं ते बरोबर उलटं. ताप दोन्हींत असतो, लाली दोन्हींत असते.

मी त्याला पाठमोरा बसवून खांद्याखालचा तो चट्टा पाहिला. मला तो आधीपेक्षा लाल वाटला, थोडा फुगलेला. तो खरंच फुगला होता, की फुगलेला असावा असं मनात आधीच ठरवून मी पाहिलं, हे मला आज सांगता येणार नाही. सगळं अंगच लाल होतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते एका शिबिरात होते. फोटो पाठवा म्हणाले. मी मोबाइलने तीन फोटो काढून पाठवले. घरात अंधार होता, त्याचा रंग सावळा, फोटोत काहीच नीट उमटलं नाही. मी पाहिलं तेव्हाच मला ते कळलं होतं, तरी पाठवले.

"स्पष्ट दिसत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं? चट्टे सुजलेत का?"

"हो," मी म्हणालो.

"मग गोळ्या चालू ठेवा. उद्या केंद्रावर घेऊन या, मी बघतो."

खाज दुसऱ्या पाकिटाच्या आधीच सुरू झाली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. लपवलं नाही, पण त्या वेळी ते माझ्या डोक्यातच नव्हतं. ते मी पाण्याच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

फोन ठेवून मी तिच्याकडे वळलो. "बंद नाई करायची, वहिनी. बंद केली त हात वाकडे होतीन. उद्या घेऊन या त्यायले."

तिने डबा उघडला, त्या दिवशीची गोळी काढली आणि माझ्यासमोर त्याच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. दुखण्याच्या गोळ्यांनी ताप उतरला होता, त्याला बरं वाटलं होतं. मी फोन केला तर ती म्हणाली, आज जरा जेवले, उद्या येतो. त्यानंतरचा दिवस रविवार. मग दोन दिवस मला मीटिंगसाठी भंडाऱ्याला थांबावं लागलं. मीटिंगच्या चहाच्या वेळेत मी एकदा फोन काढला होता, पण कोणीतरी बोलायला आलं आणि राहून गेलं. पाचव्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. "डोळे पिवळे दिसून राह्यले जी," ती म्हणाली. "अन् लय गळून गेले."

सरकारी गाडी बोलावून आम्ही त्याला भंडाऱ्याला नेलं, मोठ्या दवाखान्यात. वाटेत तो पडून होता आणि बायको त्याच्या तोंडावरची माशी हाकलत होती. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे बसायला जागा होती.

तिथे एक त्वचारोगाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी त्याची जीभ पाहिली, ओठांच्या आतली कातडी पाहिली, मानेच्या गाठी पाहिल्या. मग एक कोरा कागद घेऊन त्यावर आडवी रेघ मारली.

"पहिली गोळी कधी?" त्यांनी मला विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी रेघेवर खूण केली.

"पुरळ कधी?"

मी बोलायच्या आधी बायको म्हणाली, "खाज त दुसरं पाकीट आनलं त्याच्या दोन दिवस पयले."

त्यांनी तिथे खूण केली. मग आजची. खुणांमधले आठवडे मोजले. चार आठवडे, पाच आठवडे, सहावा चालू.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

मग बायको म्हणाली, "आज सकाळीबी देल्ली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बंद करा," त्या म्हणाल्या. "आत्तापासून एकही नाही. त्यातली रोजची पांढरी गोळी यांना चालत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अर्थ समजावून घ्यायला पाहावं तसं. मी त्या रेघेवरच्या खुणा पाहत राहिलो.

तो नऊ दिवस जगला. कातडी सुटायला लागली, कावीळ चढत गेली, रक्ताचे रिपोर्ट रोज बिघडत गेले. मी तीनदा भेटायला गेलो. दुसऱ्या खेपेला तो शुद्धीवर होता. मला पाहून उठायला बघत होता, मी राहू द्या म्हटलं. ओठ फाटले होते, बोलायला त्रास व्हायचा.

"साहेब," तो म्हणाला, "गोळी सुटली जी माझी. मी नाई सोडली. डाक्टरीनबाईनं सोडाले लावली."

मी रागवेन अशी त्याला भीती होती. मी म्हटलं, "बरं केलं, भाऊ." त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं. तो डोळे मिटून पडला आणि मी व्हरांड्यात जाऊन पाण्याच्या टाकीशी बराच वेळ उभा राहिलो.

दुपारी गेला. मी तेव्हा दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्याचा तळपाय तपासत होतो.

त्यानंतर कागद आला. औषधाने दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर एक फॉर्म भरावा लागतो. औषध कोणतं, किती, कधी सुरू, कधी बंद, त्रास कधी सुरू झाला, सोबत आणखी काय घेतलं होतं, शेवट काय झाला. गावाकडची माहिती माझ्याकडे होती म्हणून पहिलं पान मीच भरायचं ठरलं. बाकी रकाने मी भरले. 'त्रास सुरू झाल्याची तारीख' इथे आल्यावर थांबलो. दुसऱ्या पाकिटाच्या दोन दिवस आधीची तारीख लिहिली, तर मी खाज पाहिली होती आणि गोळ्या चालूच ठेवल्या होत्या, हे कागदावर येत होतं. मी फोन आला त्या दिवसाची तारीख लिहिली. अक्षर चांगलं काढलं.

आठ दिवसांनी डॉक्टरबाईंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्यासमोर तो फॉर्म होता. त्यांनी मला निकाल कसा देतात ते समजावलं. औषधानेच झालं असं म्हणायला पायऱ्या असतात. निश्चित, संभाव्य, शक्य, असंभाव्य. निश्चित म्हणायचं तर औषध बंद केल्यावर माणूस सुधारला पाहिजे आणि पुन्हा दिल्यावर तेच पुन्हा झालं पाहिजे.

"इथे बंद केल्यावर सुधारला नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा द्यायचा प्रश्नच नाही. शिवाय ते दुखण्याचं इंजेक्शन आहे, त्यात काय होतं ते देणारा सांगत नाही. तलावाचं पाणी पिणारा माणूस, साधी कावीळही नव्हती कशावरून? तपासणीत निघाली नाही, पण सगळ्या तपासण्या इथे होत नाहीत. मी संभाव्य लिहिते."

"पण मॅडम, तुम्ही तर पाहताक्षणी ओळखलं."

"ओळखणं वेगळं," त्या म्हणाल्या. "मला आजही वाटतं त्या गोळीनेच झालं. पण वाटतं असा रकाना नाही."

मग मी त्यांना तारखेचं सांगितलं. सगळं सांगितलं, खाज, खोबरेल, फवारणी. मला वाटलं होतं त्या चिडतील, लेखी मागतील. त्यांनी जुनी तारीख खोडली, खरी लिहिली, बाजूला सही केली.

"याने निकाल बदलतो का?" मी विचारलं.

"नाही. दोन्ही तारखांना संभाव्यच येतं."

मी विचारलं की त्या दिवशी, पहिल्या खाजेच्या दिवशीच, गोळी बंद केली असती तर? त्यांनी थोडा विचार केला. बरेच जण वाचतात म्हणाल्या, सगळे नाही. ही गोळी न सोसणं काही लोकांच्या रक्तातच असतं, आधी तपासता येतं असं म्हणतात, पण आपल्याकडे कोण करतं. त्या वाईट बोलल्या नाहीत. पुढचा रुग्ण दारात उभा होता.

त्याच्या बायकोला सांगायला मी गेलो. माझं ते काम नव्हतं, कोणी सांगायला सांगितलंही नव्हतं. ती ओसरीत बसली होती, शेजारी धाकटा दीर. तोपर्यंत गावभर झालं होतं. रोगही आणि गोळीही. कोणाला कळणार नाही हा माझा शब्द त्याच्या मरणाने खोटा पडला होता.

"मंग काय निंगालं?" तिने विचारलं. "गोळीनंच मारलं का?"

"बहुतेक गोळीनं," मी म्हणालो.

"बहुतेक म्हंजे? होय का नाई?"

"तसं पक्कं सांगता येत नाई, वहिनी. मोठ्या डॉक्टरायलेबी नाई येत."

ती मग म्हणाली, "तवा त तुमाले पक्कं येत होतं."

दिराने मान खाली घातली. तिला माझ्याकडून फार काही नको होतं. हो म्हटलं असतं तर तिने मला दोष दिला असता. नाही म्हटलं असतं तर नशिबाला दिला असता. आता उरलं काय, तर रोज सकाळी तिनेच स्वतःच्या हाताने दिलेली गोळी. ते ती बोलली नाही, पण मला दिसत होतं, कारण ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती.

"माफ करा," मी म्हणालो. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

बाजारात तिच्या पाटीपुढे लोक थांबेनात. दोन-तीन आठवडे तिने पाहिलं. मग मुलीला घेऊन नाकाडोंगरीकडे माहेरी निघून गेली. तिथे ती काय करते मला माहीत नाही. फोन नंबर आहे माझ्याकडे. लावलेला नाही.

पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणात धाकट्या भावाच्या कोपरावर मला चट्टा दिसला. मला पाहून त्याने बाही खाली ओढली, पण मी पाहिला होता. स्पर्श गेलेला. कोपरामागची नस जाड झालेली, दाबली तर दुखत होती. एवढं असलं की बोटं जायला वेळ लागत नाही.

मी डॉक्टरबाईंना विचारून आलो. त्यांनी ती पांढरी गोळी वगळून दुसरी पाकिटं बनवता येतील असं लिहून दिलं. सख्खा भाऊ आहे, धोका नको. मी ते कागद घेऊन गेलो, त्याला दाखवले. ज्या गोळीने झालं ती यात नाहीच, असं सांगितलं.

"तवाबी तुमीच सांगतलं होतं," तो म्हणाला.

"तवा मले समजलं नाई, भाऊ. आता डॉक्टरनं लिहून देल्लं आहे."

"यानं नाई होत, असं पक्कं सांगता का?"

मला हो म्हणता आलं असतं. आधीची सगळी वर्षं मी तेच म्हणत आलो होतो. या गोळ्यांनी त्याला काही होण्याची शक्यता फार कमी होती आणि गोळ्यांशिवाय हात जाणं जवळपास ठरलेलं होतं. मी म्हटलं, "पक्कं कोनीच नाई सांगत."

"मंग राहू द्या," तो म्हणाला आणि उठला.

त्या टोलीत आता कोणीच गोळ्या घेत नाही. आशाताई दाराशी गेली तर बायका मुलांना आत घेतात. एक म्हातारी आधीपासून औषधावर होती, तिचे दोन महिने उरले होते, तिनेही पाकीट परत केलं. मी घरी माझ्या बायकोला म्हटलं, बदली मागतो. ती म्हणाली, दुसरीकडेही चट्टेच पाहायचे ना. मी अर्ज केला नाही.

धाकट्याकडे मी दर महिन्याला जातो. तो मला हाकलत नाही, चहाही देतो कधी. मागच्या महिन्यात त्याच्या करंगळी आणि शेजारच्या बोटाला बाक आलेला दिसला. मी त्याचा हात हातात घेतला, बोटं सरळ करून पाहिली. सोडली की पुन्हा वळत होती. दुखतं का विचारलं, तो नाही म्हणाला. मी गोळ्यांचं काढलं. त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि धानाच्या भावाचं बोलू लागला. मी रजिस्टर उघडलं, त्याच्या नावापुढे तारीख टाकली आणि रकान्यात नकार लिहिलं. वरच्या ओळींतही तोच शब्द होता.